‘असूनही’ या शब्दाविषयी आणि अण्णांविषयी

प्रथम, जे घडले ते क्रमाने.

१. श्री. शमुवेल तुकाराम सातपुते, म्हणजे आमचे अण्णा, यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला. मी त्यांच्या फौंड्रीत ड्रॉइंग विभाग सांभाळते.

२. मी लेख दिला.

३. छापखान्यातून मुद्रित, म्हणजे तपासणीची छापील प्रत, आले. माझ्या लेखात एक वाक्य होते: ‘आपल्यात थोडीफार नम्रता असेल तर ती ख्रिस्तावरच्या विश्वासामुळे आहे, असे अण्णा सांगतात.’ मुद्रितात ते असे झाले होते: ‘ख्रिस्ती असूनही अण्णा अत्यंत नम्र आहेत.’

४. लेखातला मोरीचा प्रसंग काढून टाकला होता. त्या जागी ‘अण्णा स्वच्छतेचे भोक्ते आहेत’ एवढेच होते.

५. लेखाखाली माझे नाव मात्र तसेच होते.

६. ग्रंथाचे संपादक एक प्राध्यापक आहेत; त्यांना मी भेटले. बदल मागे घेण्यास त्यांनी नकार दिला.

७. मी मुद्रित अण्णांना दाखवले. त्यांनी पेन्सिलीने त्यात एकच दुरुस्ती केली. ती पुढे येईल.

म्हणून हा लेख मी पुन्हा लिहिला आहे. वरचे सात मुद्दे हा त्याचाच भाग समजावा आणि लेख त्यांच्यासह छापावा.

अण्णांची माझी पहिली भेट आणीबाणी उठली त्या वर्षी झाली. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन कागलहून रोज एस.टी.ने कोल्हापूरला येत होते आणि उद्यमनगरातले कारखाने पालथे घालत होते. एका मालकांनी माझे प्रमाणपत्र न उघडताच सांगितले, “बाई, हितं काळी माती उडतीया. साडीचं वाटोळं हुईल.” दुसऱ्यांनी विचारले, “लगीन ठरलंय का? न्हाय म्हंजे, ठरलं की सोडून जाणार, मग आमी काय करायचं?” प्रमाणपत्र त्यांनीही उघडले नाही.

अण्णांनी उघडले. पूर्ण वाचले. मग टेबलावर एक ड्रॉइंग पसरले आणि म्हणाले, “ह्यात चूक काय हाय, सांगा.”

मी बराच वेळ पाहिले. “ड्रॉइंगमध्ये चूक नाही,” मी म्हणाले. “पण हे तयार भागाचे माप आहे. याच मापाचा पॅटर्न केला तर भाग लहान येईल. आट धरलेली नाही.”

आट म्हणजे काय ते इथेच सांगते, कारण पुढे तो शब्द लागणार आहे. वितळलेले लोखंड निवले की आक्रसते. म्हणून ज्या लाकडी नमुन्यावरून वाळूत साचा घेतात, तो नमुना, म्हणजे पॅटर्न, तयार भागापेक्षा थोडा मोठा करावा लागतो. हे जे वाढीव माप, ती आट. धातू बदलला की आट बदलते. ती धरायला विसरलात तर काम कितीही सुबक असले तरी भाग बसत नाही.

अण्णा म्हणाले, “या मग कामावर. पन लगेच न्हाय. हितं बायकांसाठी संडास न्हाय. त्यो बांधून घेतो, मग निरोप धाडतो.”

नकार देण्याचा हा एक सभ्य प्रकार असावा, असे मला वाटले. पण निरोप आला. संडास बांधलेला होता, आतून कडी होती, आणि तिथे जायला साचेकामाच्या शेडमधून जावे लागू नये म्हणून मागच्या भिंतीत एक वेगळे दार काढलेले होते. याबद्दल अण्णा मला कधी काही बोलले नाहीत. मीही आभार मानले नाहीत. कसे मानायचे ते कळले नाही.

अण्णांच्या कामाविषयी जिल्ह्यातल्या ऑइल इंजिनवाल्यांना मी सांगायची गरज नाही. सिलिंडर हेडचे ओतीव काम कुणाकडे टाकावे, हा प्रश्न आला की पहिले नाव त्यांचे निघते. ते कसे निघाले याचे एकच उदाहरण देते.

एकदा पंपाच्या खोळींचा एका घाण्याचा, म्हणजे भट्टीच्या एका खेपेचा, सगळा माल सदोष निघाला. आत हवा अडकून पृष्ठभागावर बारीक भोके पडली होती. अशी भोके लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवतात, वर रंग मारतात, आणि माल जातो. गिऱ्हाईक घाईत होते. ते स्वतःच म्हणाले, “अण्णा, भरा की लांबी. रंगाखाली कोण बघतंय?”

“तुमी बघिटलंसा,” अण्णा म्हणाले. “मी बघिटलं. आनि तिसरा वर हाय. आता राहिलं कोण?”

“आवो, मी घेतोय की माल! माझी तक्रार न्हाय.”

“तुमची तक्रार न्हाय म्हणून भोक बुजतंय व्हय?”

सगळा माल घणाने फोडून परत भट्टीत गेला. गिऱ्हाईक रागावून निघून गेले. पुढच्या हंगामात तेच परत आले, हे खरे. पण ते परत आले नसते तरी माल फुटलाच असता. ‘तुमची तक्रार न्हाय म्हणून भोक बुजतंय व्हय?’ हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मी ठेवले आहे.

आता मोरी. हा शब्द गौरवग्रंथात बरा दिसत नाही, असे संपादकांचे मत आहे. मोरी मोरीसारखीच दिसते. फौंड्रीत दिवसभर काळ्या वाळूत काम केलेली माणसे सुटी झाल्यावर तिथे हात-पाय धुतात. तिथे वाळू, तेल आणि साबणाचा थर बसतो. तो घासून काढायला कुणालाच आवडत नाही.

मी कामाला लागले त्यानंतरच्या पहिल्या उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, ड्रॉइंग विभागाच्या खिडकीतून मला अण्णा दिसले. विजार गुडघ्यापर्यंत वर केलेली, हातात ब्रश. ते मोरी घासत होते. आमचे सर्वांत जुने साचेकार, मोल्डर धोंडीबा दारात उभे राहून हातवारे करत होते.

“मालक, हे दरसाल काय चालवलंयसा? ब्रश हिकडं द्या.”

“धोंडीबा, बाजूला व्हा. पाय घसरंल.”

“आवो, आमाला पाप लागंल की!”

“लागलं तर ह्याच साबणानं निघतंय का बघू. पानी वता.”

धोंडीबांनी कपाळावर हात मारला आणि पाणी ओतले.

मला कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही. मी दुसऱ्या दिवशी नाही, पण पुढच्या आठवड्यात विचारले. अण्णांनी जे सांगितले ते असे: “आमच्या शास्त्रात हाय. धरून न्यायच्या रात्री प्रभूनं कंबरंला पंचा गुंडाळला आनि शिष्यांचं पाय धुतलं. गुरू हुता तरी. आता मी धोंडीबाचं पाय धुवाय गेलो तर त्यो मलकापूरच्या पल्याड पळंल. म्हणून पाय जिथं धुत्यात ती जागा धुतो.”

पुढे अण्णांना राज्य पातळीवरचा उद्योजकाचा मान मिळाला. मुंबईला समारंभ झाला, मंत्र्यांबरोबर फोटो आला, स्टेशनवर हलगी वाजली. त्यानंतर माझ्या लक्षात आले, की वर्षातून एकदा होणारे मोरीचे काम आता दर शनिवारी होते आहे. मी पुन्हा विचारले. अण्णा दोनच शब्द बोलले.

“आट वाढवली.”

मला समजले नाही, हे त्यांना दिसले. मग म्हणाले, “निकमबाई, लोखंड निवलं की आटतंय. माणसाचं उलटं. माणूस निवला की फुगतोय. मग आपलं माप आधीच बारीक धराय नको? जेवढा मान मोठा, तेवढी आट जास्त.”

हा प्रसंग काढून समितीने लिहिले, ‘अण्णा स्वच्छतेचे भोक्ते आहेत.’

माझी हरकत इथे सुरू होते, आणि ती केवळ भावनेची नाही. ग्रंथाच्या वाचकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: अण्णा स्वभावाने नम्र नाहीत. त्यांच्याबरोबर काम केलेल्या कुणालाही विचारा. ते तापट आहेत. आपले काम चांगले आहे हे त्यांना पक्के ठाऊक आहे. मान मिळाल्यानंतर एकदा काही कारखानदार भेटायला आले होते. बोलता बोलता अण्णा म्हणाले, “माझ्यासारखं कास्टिंग आख्ख्या जिल्ह्यात कोण…” आणि थांबले. वाक्य पुरे केले नाही. पाहुण्यांचा चहा झाला, ते गेले, आणि अण्णा मोरीकडे गेले. त्या दिवशी शनिवार नव्हता.

म्हणजे नम्रता हे त्यांचे काम आहे. ते रोज करावे लागते, आणि ते कशाच्या बळावर करतात हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यांचे कौतुक करायचे आणि ते कारण खोडायचे, हे इंजिनाची स्तुती करून डिझेल ओतून देण्यासारखे आहे. बरे, समितीने कारण नुसते खोडलेले नाही. कारणाच्या जागी अडथळा लिहिला आहे. ‘मुळे’ होते तिथे ‘असूनही’ बसवले आहे. ड्रॉइंगवर अधिकच्या जागी उणे लिहिणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत.

संपादकांशी झालेले बोलणे मी शक्य तितके जसेच्या तसे देते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. माणूस वाईट नाही.

“अहो ताई, कौतुकच केलंय की त्यांचं!”

“‘असूनही’ काढा.”

“एका शब्दानं काय होतंय?”

“‘प्राध्यापक असूनही त्यांना मराठी येते’ असे तुमच्याबद्दल छापले तर?”

ते हसले. “हा विनोद झाला.”

“मग तोही विनोदच आहे का?”

ते हसायचे थांबले. “हे बघा, वाचकांचा विचार करावा लागतो. धर्म फार पुढं आला की प्रचारासारखं वाटतं. अण्णा नावालाच ख्रिश्चन हो. वागण्यात अगदी आपल्यातले.” मग जरा पुढे वाकून त्यांनी विचारले, “आणि तुम्ही तर निकम. कागलच्या. तुम्हाला कशाला एवढं लागलं?”

“मला लागलेले नाही,” मी म्हणाले. “वाक्य चुकलेले आहे.”

त्यांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मी तिथे दिले नाही. इथे देते.

‘हिंदू असूनही प्रामाणिक’ असे कोल्हापुरात कुणी छापेल का? छापले तर छापखान्याच्या काचा राहतील का? मग हे का चालते? ‘असूनही’च्या मागे धर्म एकटाच उभा नसतो. आणखी एक शब्द उभा असतो. तो कुणी छापत नाही, आणि तो वाचता येत नाही असा माणूस या जिल्ह्यात नाही. अण्णा मूळचे कोडोलीचे. त्यांचे वडील तिथल्या मिशनच्या दवाखान्यात औषधे देण्याचे काम करत. घरचा विषय अण्णा काढत नाहीत, एकदाच, धोंडीबांशी बोलताना, ते म्हणाले होते, “माझ्या बाऽच्या हातचं औषध गावाला चालायचं. पानी चालायचं न्हाय. आनि औषध कालवलेलं असायचं पान्यातच.” अण्णा हसले. मला हसू आले नाही, आणि आजही येत नाही. गौरवग्रंथातले ते वाक्य त्याच गावचे आहे. अण्णांचे कास्टिंग चालते, मान चालतो, वर्गणीही चालते. त्यांना माणूस ज्याने केले असे ते स्वतः म्हणतात, तो ख्रिस्त मात्र चालत नाही. ‘आपल्यातले’ म्हणायचे, आणि त्यांचे जे आहे ते दाराबाहेर काढून ठेवायला लावायचे!

अण्णांनी कुणाचे काही बाहेर ठेवायला लावलेले नाही. खंडेनवमीला कामगार भट्टीची पूजा करतात, तेव्हा अण्णा नारळ फोडत नाहीत, पण पूजा होईपर्यंत डोके उघडे ठेवून उभे राहतात आणि खोबरे सर्वांबरोबर खातात. यावरून त्यांच्या चर्चमधल्या कुणीतरी त्यांना हटकले होते, असे मी ऐकले आहे. अण्णांनी त्यांना विचारले म्हणे, “ज्यांच्या हातानं माझी भट्टी चालतीया, त्यांनी हात जोडलं तर मी पाठ फिरवू व्हय?” दोन्हीकडून बोलणी खाऊन जो माणूस आपल्या जागी उभा राहतो, त्याला ‘नावालाच’ म्हणणे हे अज्ञान आहे.

आणि आता धोंडीबा. गेल्या वर्षी ओतकाम चालू असताना लोखंडाचा रस उडून त्यांच्या पायावर पडला. अण्णांनी त्यांना स्कूटरवर घालून दवाखान्यात नेले. ते कुणीही केले असते. पण नंतर जखम धुऊन पट्टी बदलायची वेळ आली, तेव्हा अण्णा रोज संध्याकाळी धोंडीबांच्या घरी जाऊ लागले. पट्टी बांधणे ते वडिलांकडून शिकलेले. धोंडीबा कॉटवर, अण्णा खाली पाटावर, आणि मध्ये गरम पाण्याचे घमेले. ड्रॉइंग दाखवायला एकदा मला तिथे जावे लागले, म्हणून मी हे पाहिले. धोंडीबांना त्या दिवसांत मलकापूरच्या पल्याड पळता येत नव्हते.

बरे होऊन कामावर आल्यावर धोंडीबा सगळ्या शेडला सांगत होते, “मालकानं माझा पाय धुतला. मी रडलो. आता पिरमानं रडलो म्हणू का? खोटं कशाला बोलू, लई झोंबत हुतं!” शेड हसली. मग ते हळू आवाजात म्हणाले, “पन धुतला की. माझ्या लेकानं न्हाय धुतला.”

धोंडीबा विठोबाचे माळकरी आहेत. मालक हे का करतात ते त्यांना नीट माहीत आहे, आणि त्यांना त्यात प्रचार दिसलेला नाही. तो प्राध्यापकांना दिसतो.

शेवटी, अण्णांची दुरुस्ती. मी मुद्रित त्यांच्यापुढे ठेवले तेव्हा मला वाटले होते की ते चिडतील. निदान एकदा तरी चिडावेत, असे मला मनापासून वाटत होते. त्यांनी चष्मा लावला, सगळे वाचले, आणि म्हणाले, “राहू द्या हो. माणसं चांगल्या मनानं लिवत्यात.” मग पेन्सिल मागितली आणि एक शब्द खोडला: ‘अत्यंत’.

“एवढं काढाय सांगा,” ते म्हणाले. “छापून आलं की मी वाचणार. एकदा न्हाय, चारदा वाचणार. आनि मग मोरी रोज घासाय लागंल.”

“आणि ‘असूनही’?” मी विचारले.

त्यांनी चष्मा काढला. “त्यो शब्द मी जन्मापास्नं ऐकतोय, निकमबाई. सवय झालीया.”

“मला झालेली नाही,” मी म्हणाले.

त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे सरकवली आणि ते कामाला निघून गेले.

अण्णांची तक्रार नाही. हे समिती पुन्हा पुन्हा सांगते आहे, आणि ते खरेही आहे. पण गिऱ्हाइकाची तक्रार नाही म्हणून भोक बुजत नाही, हे मला अण्णांनीच शिकवले. ते सोसतात, तो त्यांचा धर्म. त्यांच्या सोसण्याची लांबी करून आपली भोके बुजवायची, हा कुणाचाच धर्म नाही. सदोष माल माझ्या नावाने बाहेर जाऊ देण्यासाठी त्यांनी मला कामावर घेतलेले नाही.

अण्णांना मी जे इच्छिते ते त्यांच्या कामाला धरून इच्छिते. त्यांचे गुडघे बळकट राहोत, कारण मोरी उभ्याने घासता येत नाही. भट्टीच्या झळांनी दुखावलेले डोळे निवळोत. त्यांना आणखी पुष्कळ मान मिळोत, आणि त्या प्रत्येकाची आट धरण्याइतके आयुष्य लाभो. पंचाहत्तरीचा ग्रंथ निघेल तेव्हा त्यात हा विषयच नसावा.

समितीला विनंती अशी: ‘अत्यंत’ काढावे, ही अण्णांची दुरुस्ती. ‘असूनही’ काढावे, ही माझी. मोरीला मोरी म्हणावे. हे मान्य नसेल तर लेख छापू नये, आणि माझे नाव कोणत्याही मजकुराखाली घालू नये. छापखान्यात सोमवारी पाने बांधायला घेणार आहेत, असे कळले. म्हणून उत्तर येत्या शनिवारी संध्याकाळपर्यंत लेखी द्यावे. उत्तर फौंड्रीत आणून दिले तरी चालेल. मी ड्रॉइंग विभागात असेन, आणि अण्णा कुठे असतील ते आता आपल्याला माहीत आहे.

कु. शैलजा निकम